व्याख्येत बसत नाही

रविवार, २६ एप्रिल २००९

आज मला वक्ता करण्यात आलं. लिफ्टमध्ये केलं, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

इथं सिंगापुरात आमच्या पासिर रिसच्या कम्युनिटी सेंटरचे कार्यक्रम मिसेस लिम ठरवतात. जुलैत शाळाशाळांतून रेशियल हार्मनी डे साजरा होतो, त्याच सुमारास सेंटरवर त्यांना मोठ्यांचाही कार्यक्रम करायचा आहे. प्रत्येक धर्माचा एक माणूस पंधरा मिनिटं बोलणार. बौद्ध, मुसलमान, हिंदू, शीख, ख्रिस्ती सगळे मिळाले. ज्यू मिळेना. आणि तो त्यांच्याच ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर हातात कोथिंबिरीची पिशवी घेऊन राहतो, हे त्यांना आज कळलं.

"मिस्टर डॅन! यू आर ज्यू, ना? व्हाय नेव्हर से?"

विषयही त्यांनीच दिला: ज्यूद्वेष म्हणजे काय, आणि आजच्या काळात तो सोसण्याचा अनुभव. मी म्हटलं, व्याख्या शोधून आणीन, पण अनुभव माझ्याकडे नाही. त्या म्हणाल्या, "नेव्हर माइंड लाह. हॅपी स्टोरी अल्सो कॅन."

तर ही डायरी म्हणजे भाषणाची तयारी. वक्त्याने आधी स्वतःची ओळख करून द्यावी म्हणतात. मी डॅनियल मोझेस नवगावकर, वय सेहेचाळीस. एका बँकेत अकाउंट्स बघतो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. वाडवडील अलिबागच्या बाजूला तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दोन हजार वर्षं तिथं राहिलो, कुणी बोट लावलं नाही. घरी बायको मिर्यम आणि पंधरा वर्षांची मुलगी लिआ.

मिर्यमला बातमी सांगितली. ती म्हणाली, "पंधरा मिनिटं? तू? त्यांना सांग, हॉल रात्रभर बुक करा."

रविवार, ३ मे

पद्माकरकडे जेवायला. पद्माकर केळुसकर माझा इथला सगळ्यात जुना मित्र, राहायला हौगांगला. दहा वर्षांपूर्वी आम्ही एकाच आठवड्यात सिंगापुरात उतरलो आणि दोघांनी मिळून एकच प्रेशर कुकर घेतला. मधुमती वहिनींनी श्रीखंड-पुरीचा बेत केला होता. आम्ही मटणावर दूधदुभतं खात नाही हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक आहे, की आम्ही येणार म्हटल्यावर त्यांच्याकडे सगळं शाकाहारी असतं.

जेवताना पद्माकर भारताच्या निवडणुकीवर घसरला. शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाला, "या देशाला एक हिटलर पाहिजे. दोन वर्षं. सरळ होतील सगळे." आणि मला श्रीखंड वाढलं. मी म्हटलं, "हिटलर येऊ दे, पण माझं श्रीखंड संपल्यावर." सगळे हसले.

भाषणाच्या दृष्टीने याचा विचार केला. बसत नाही. द्वेष करणारा माणूस एवढं केशर घालून श्रीखंड वाढील का?

जेवणानंतर मुलांनी माझा खेळ मागितला. हा माझा खास आयटेम आहे. कुणीतरी दहा सेंटचं नाणं जमिनीवर टाकायचं. मी गप्पा मारता मारता कान टवकारायचे, नाक उडवायचं, आणि "ज्यूला वास आला!" असं ओरडून टेबलाखाली सूर मारायचा. कमरेत लचक असूनही मी तो झकास मारतो. पद्माकरचा निमिष आता पंधरा वर्षांचा घोडा झालाय, लिआच्याच वर्गात आहे, पण तोसुद्धा पोट धरून हसतो. लिआ पाणी प्यायला आत गेली. तिला ऊन लागलं असावं.

शुक्रवार, ८ मे

एक छान गोष्ट झाली. शब्बाथचे, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या शनिवारचे, दिवे लावण्याआधी आम्ही धर्माच्या पेटीत नाणी टाकतो. पत्र्याची निळी पेटी, सासूबाईंनी मुंबईहून दिलेली. मी दर शुक्रवारी खिशात जे सापडेल ते टाकतो, म्हणजे बहुतेक वेळा बसचं तिकीट. आज पेटी उचलली तर जड लागली. लिआ मूठभर नाणी टाकत होती. पाच सेंट, दहा सेंट, वीस सेंट.

"कुठून आणलीस?"

"स्कूल."

"मित्रमैत्रिणींकडून गोळा केलीस?"

तिने हातातलं शेवटचं नाणं पेटीत टाकलं. मग म्हणाली, "काइंड ऑफ."

मिर्यमने मनुकांच्या सरबताचा पेला पुढे केला, तेव्हा आशीर्वाद मी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटला. पोरगी न सांगता दानधर्म करते आणि मिरवत नाही. हा गुण माझ्याकडून आलेला नाही.

बुधवार, १३ मे

व्याख्या शोधली. ऑफिसात, दुपारी, सगळे तापमान मोजायच्या रांगेत उभे असताना. (मेक्सिकोतून तो डुकराचा ताप निघाल्यापासून आम्हाला दिवसातून दोनदा थर्मामीटर लावतात. मी छत्तीस पॉइंट चार. माझ्यात ताप नाही आणि तडफही नाही.) युरोपातल्या कुठल्याशा संस्थेने व्याख्या केलीय, खाली उदाहरणं जोडलीत. वाचताना मी मनात प्रत्येकापुढे फुली मारत गेलो. हे नाही झालं, हेही नाही, हे तर नाहीच.

तेवढ्यात माझा बॉस मिस्टर गोह मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर डोकावला आणि उजळला. "वाह, डॅन, यू आर ज्युइश? नो वंडर! यू पीपल सो क्लेव्हर विथ मनी." मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि शेअर कुठले घेऊ, असं हळू आवाजात विचारू लागला. गेल्या वर्षी मीच घेतलेले शेअर निम्म्यावर आले हे मी त्याला सांगितलं नाही. गंभीर चेहरा करून म्हटलं, "वेट." तो केवढ्या आदराने उठून गेला.

हा तर द्वेषाच्या उलट प्रकार झाला. मला आवडला, खोटं कशाला बोलू. घरी सांगितलं तर मिर्यम म्हणाली, "आणि उद्या त्याचे पैसे बुडाले की?" बायकांना कौतुकसुद्धा सरळ घेता येत नाही.

रविवार, १७ मे

भाषणाचा पहिला मसुदा. सुरुवात: "मित्रहो, मला एका रोगावर बोलायला बोलावलं आहे, जो मला कधीच झाला नाही." हशा. मग शनवार तेली. मग दोन हजार वर्षं.

मधल्या काळातल्या काही गोष्टी इथं टिपून ठेवतो, भाषणात घ्यायच्या नाहीत हे लक्षात राहावं म्हणून.

एक म्हणजे सिनेगॉगच्या, आमच्या प्रार्थनाघराच्या, फाटकाशी गार्ड असतात. नोव्हेंबरात मुंबईत कुलाब्याला ज्यूंच्या घरात घुसून माणसं मारली, तेव्हापासून तपासणी जास्त कडक झाली. माझी पिशवी दर वेळी उघडतात आणि दर वेळी आत डबा निघतो. पण मुंबईचे ते मारेकरी बाहेरून आले होते. ते आपल्यात धरायचे नाहीत.

दुसरं, पद्माकर मला ढकलपत्रं पाठवतो. न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्या दिवशी म्हणे ज्यू कामावर गेलेच नव्हते, त्यांना आधीच कळवलं होतं. मी उलट लिहिलं, "मला कुणीच कळवलं नाही, मी नेहमीसारखा ऑफिसला गेलो होतो. आमच्या युनियनकडे तक्रार करतो." त्याने हसण्याची तीन तोंडं पाठवली. मित्र असावा तर असा.

शुक्रवार, २२ मे

पेटी आणखी जड. मी मिर्यमला म्हटलं, अशीच भरली तर मोठी पेटी आणावी लागेल. ती लिआकडे बघत होती. "वजन कमी झालंय हिचं," ती म्हणाली. मी म्हटलं, पेटीचं वाढतंय ना, घरातलं एकूण तेवढंच राहिलं. लिआ हसली नाही. हल्ली माझ्या विनोदांना घरात बाजारभाव नाही.

शुक्रवार, १२ जून

शाळेला सुट्टी लागून दोन आठवडे झाले. पेटीत दोन्ही शुक्रवारी फक्त माझं बसचं तिकीट. सुट्टीत दानत आटली, असं मी लिआला चिडवलं. तिने या दोन आठवड्यांत पुष्कळ खाल्लं, पुष्कळ झोपली, आणि काल तर स्वयंपाकघरात मिर्यमबरोबर गाणं म्हणत भांडी पुसत होती. म्हटलं, सुट्टी मानवली पोरीला.

फक्त शाळा बदलता येते का, असं एकदा सहज विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी ओ-लेव्हलची परीक्षा, आता कसली शाळा बदलतेस? आणि निमिष आहे की सोबतीला. ती म्हणाली, "ओके."

शुक्रवार, ३ जुलै

शाळा सुरू झाली आणि आज पेटीत पुन्हा खळखळाट. एक गोष्ट सुचली आणि खुर्चीतून उठलोच. भाषणात ही पेटी घेऊन जायची! मुलीने वर्गातल्या चिनी, मलाय, तमिळ मित्रांकडून नाणं नाणं जमवलेली ज्यू पेटी. यापरती हार्मनी कुठली? मिसेस लिम रडतील.

रविवार, ५ जुलै

आज आमच्याकडे मलिदा झाला. मिर्यमच्या भावाचं ऑपरेशन नीट पार पडलं, तिने एलियाहू नबीच्या नावाने मलिदा बोलला होता. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा, भोवती फळं. पद्माकर सहकुटुंब आला. मधुमती वहिनी पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा हा सत्यनारायण समजून तुळस घेऊन आल्या होत्या आणि भटजी कधी येणार म्हणून विचारत होत्या. आता त्या पदर खोचून खोबरं खवतात आणि प्रार्थना चालू असताना आमच्याच पुस्तकात बघून ओठ हलवतात. पुस्तक उलटं असतं कधी कधी. माझ्या भाषणाचा शेवट मी यावरच करणार होतो.

जेवायला बसल्यावर मी पेटी आणून मधे ठेवली आणि जाहीर केलं, "ही आमच्या लिआची कमाई! वर्गातल्या मुलांकडून दान जमवते. एकोणीस तारखेला स्टेजवर येऊन कसं जमवते ते ती स्वतः सांगणार आहे."

पद्माकरने माझ्या पाठीत थाप मारली. "ज्यू आणि दान! अरे, पेटीला खाली भोक असेल, बघून घ्या." हशा. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो आणि पेटी उलटी करून भोक शोधायचा अभिनय केला.

लिआ ताटावरून उठली आणि खोलीत गेली. निमिषने मलिदा तसाच टाकला, एरवी तो दोनदा घेतो. मी म्हटलं, स्टेजचं नाव काढताच आजकालची मुलं घाबरतात.

भांडी आवरताना मिर्यम म्हणाली, "तू तिला विचारलं होतंस?" विचारायचं काय त्यात, चांगलंच तर सांगत होतो.

शुक्रवार, १० जुलै

आज काय लिहू. लिहितोच.

संध्याकाळी दिव्यांच्या आधी मी पेटी लिआपुढे धरली आणि म्हटलं, भाषणात फक्त दोन वाक्यं बोल, मित्र नाणी देतात आणि तू ती गरिबांना देतेस. ती म्हणाली, "नो." मी म्हटलं, अगं दोनच वाक्यं. ती म्हणाली, "पप्पा, ते देत नाहीत. ते फेकतात."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठे फेकतात?

"कॅन्टीनमध्ये. कधी जिन्यात. माझ्या पायाशी. 'ज्यू, पिक अप, पिक अप.' मग सगळे थांबतात, मी वाकते का बघायला."

मिर्यमच्या हातात काडेपेटी होती. ती तिने खाली ठेवली.

मी विचारलं, मग तू उचलतेस कशाला? हा माझा पहिला प्रश्न होता. पोरीला काय होतं ते नाही विचारलं, उचलतेस कशाला ते विचारलं.

"नाही उचललं तर आणखी फेकतात. उचललं की हसतात आणि जातात. मला ते माझ्या पर्समध्ये ठेवायचे नव्हते. टाकून पण देता येत नाहीत, पैसे आहेत. मग पेटीत टाकले."

"सुरुवात कुणी केली?"

मिर्यमने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा लिआ म्हणाली, "निमिष. मार्चमधल्या पाडव्याच्या पार्टीत तू तो खेळ केलास ना, त्यानंतर. त्याने वर्गात तुझी अ‍ॅक्टिंग करून दाखवली. नाक असं असं करून टेबलाखाली जायची. हर ओन फादर डज इट, ही सेड, सो नॉट रूड. मी टीचरला काय सांगणार? तू करतोसच ना."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला माहीत आहे काय बोलणार होतो. जीभ सवयीने वळतेच तिकडे. लिआने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, प्लीज डोंट बी फनी."

दिवे मिर्यमने लावले. आशीर्वाद मला म्हणता आला नाही, तिने म्हटला. मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधत बसलो होतो, पण हाच आहे.

(हे शब्बाथ लागल्यावर लिहितो आहे, लिहायचं नसतं. असो.)

रविवार, १२ जुलै

सकाळी एकटाच हौगांगला गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवली होती. पद्माकरने दार उघडलं, "ये ये, चहा टाकतो," म्हणाला, आणि वाक्यं गेली. सरळ सांगून टाकलं.

आधी तो हसला. नेहमीसारखा काहीतरी किस्सा असेल असं त्याला वाटलं, त्याची चूक नाही. मग हसणं थांबवून म्हणाला, "अरे, पोरांची मस्करी रे. निमिषच्या मनात काही नाही."

"निमिषच्या मनात काय आहे ते नाही सांगत मी. लिआ रोज वाकते, ते सांगतोय."

"पण तू स्वतःच... डॅनी, माझ्या घरात, या टेबलाखाली तू किती वेळा गेलायस? तू केलं की विनोद आणि त्याने केलं की द्वेष? ही कुठली व्याख्या?"

अडीच महिने व्याख्या शोधत होतो आणि प्रश्न बरोबर होता.

मधुमती वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कधीच्या येऊन उभ्या होत्या. त्यांनी निमिषला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "ती वाकायची तेव्हा तू काय करायचास रे?" निमिष रडकुंडीला आला. "मी फक्त पहिल्यांदा, काका. नंतर बाकीचेच. मी फक्त तिथं असायचो." वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाल्या, "भावजी, मी येते लिआकडे. आज नाही, ती म्हणेल तेव्हा."

पद्माकर खालपर्यंत सोडायला आला. लिफ्टजवळ म्हणाला, "शाळेत नाव नको जाऊ देऊस. वर्ष महत्त्वाचं आहे त्याचं. आणि त्या कार्यक्रमात आपली मराठी माणसं असतील. तू हसवून ने, तुला जमतं. विषय संपला."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. दहा वर्षांत त्याच्या घरून चहा न घेता पहिल्यांदाच निघालो.

बुधवार, १५ जुलै

मिर्यम आणि मी शाळेत जाऊन आलो. लिआला विचारूनच गेलो. टीचर बाई गंभीर झाल्या, सगळं लिहून घेतलं, सोमवारपासून लक्ष घालते म्हणाल्या. निमिषचं नाव लिआने द्यायचं नाही म्हटलं, तसं दिलं नाही.

घरी येऊन मसुदा वाचला. "मित्रहो, मला एका रोगावर बोलायला बोलावलं आहे, जो मला कधीच झाला नाही." फाडायला गेलो तर मिर्यम म्हणाली, राहू दे, वाच परत. वाचला. श्रीखंड, मिस्टर गोह, ढकलपत्र, डब्याची पिशवी, सगळं मी स्वतःच्या हाताने या डायरीत लिहिलंय आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने बसत नाही म्हटलंय. बँकेत माझ्या हाताखालच्या पोराने असं काम केलं असतं तर मी त्याला नारळ दिला असता.

मिर्यमला विचारलं, तुला कळत होतं? ती म्हणाली, "थोडं." मग का नाही बोललीस? "बोलले की रे. तू दर वेळी हसवलंस."

शनिवार, १८ जुलै

शब्बाथ संपल्यावर लिआच्या दाराशी उभा राहिलो. म्हटलं, उद्या हे बोलू का? तू नाही म्हणालीस तर मी तेल गाळण्यावर पंधरा मिनिटं काढीन. तिने हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाली, "माझं नाव नको. 'माझी मुलगी' म्हण. निमिषचं पण नको." मी बरं म्हटलं. येशील का, विचारलं.

"नाही. लोक हसले की तुला राहवणार नाही. मला ते बघायचं नाही."

मी तिला वचन देऊ लागलो होतो. तिने हळूच दार लावलं.

रविवार, १९ जुलै

झालं.

हॉल निम्मा भरला होता. दारात तापमान मोजून शर्टावर स्टिकर लावत होते. पद्माकर तिसऱ्या रांगेत, दोन मराठी कुटुंबांबरोबर. त्याने हात केला. माझ्या आधी शीख सरदारजी बोलले, छान बोलले, त्यांच्या पगडीवरून लोक काय काय विचारतात ते सांगून खूप हसवलं. मग मिसेस लिमनी माझी ओळख करून दिली. "अवर मिस्टर डॅन, व्हेरी फनी मॅन."

माझं पहिलं वाक्य असं होतं: माझ्या मुलीला शाळेत नाणी फेकून मारतात, कारण ती ज्यू आहे.

तीनचार लोक हसले. मराठीच होते. त्यांना वाटलं मी सुरू केलं. माझ्या तोंडाकडे बघून पुढचं वाक्य ऐकायला ते सरसावून बसले, आणि खरं सांगतो, ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. कुठून आलं माहीत नाही, पण होतं. एका वाक्यात मी सगळा हॉल सोडवला असता, स्वतःला पण. मी पोडियमची कड धरली. हसणं थांबायला बराच वेळ लागतो. स्टेजवरून तो वेळ आणखी मोठा वाटतो.

मग बाकीचं सांगितलं. व्याख्या वाचून दाखवली नाही. म्हटलं, हा खेळ त्या मुलांनी माझ्याकडून घेतला. दुसऱ्याने हसण्याच्या आधी आपणच हसलं की आपण सुटलो, असं मला वाटायचं, आणि मी सुटलोही. ती सुटली नाही. मला कुणी विचारलं की असा द्वेष तुम्ही सोसलात का, तर मी नाही म्हणायचो, कारण मी सोसतच नव्हतो. मी तो वाटून देत होतो. माझ्या वाट्याचा ती सोसत होती.

पंधरा मिनिटं दिली होती, मी पाचेक बोललो असेन. टाळ्या कमी पडल्या, पडल्या त्याही दबकत. मिसेस लिमनी माइक हातात घेतला. मग त्यांनी चहा आहे म्हणून सांगितलं. पद्माकर चहाला थांबला नाही. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ते मला लागलं, अजून लागतंय. उद्या फोन करीन. उचलेल की नाही ठाऊक नाही.

खाली उतरलो तर मागच्या दाराशी, पाण्याच्या मशीनजवळ लिआ उभी होती. शर्टावर तिच्याही स्टिकर होता, म्हणजे आत येऊन गेली होती. मिर्यम सामान आणायला दुकानात गेली आणि आम्ही दोघं घराकडे निघालो. पार्कच्या कडेने जाताना लिआ बोलायला लागली. जिन्यातलं, कॅन्टीनमधलं, स्पोर्ट्स डेला बुटात नाणी घातलेली, कोण हसायचं, कोण हसायचं नाही पण बघायचं, आणि एक मलाय मुलगी रोज तिच्याबरोबर वाकून उचलू लागायची, तिचं नाव. घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही. ब्लॉकखालच्या बाकावर बसलो आणि ती सांगत राहिली.

मी मधे एकदाही विनोद केला नाही. दोन सुचले होते. त्यातला एक खरंच चांगला होता.